दुधाची दोरी

पाहुणे अंगणात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरला.

सलाउद्दीन मिस्त्रीने गाडीच्या चाकाचा आरा तासायचे थांबवले. त्याची बहीण हलीमा कालच नवापूरहून येऊन ठाण मांडून बसली होती. तिने पदर नाकाला लावला. “या अल्ला! ह्या लोके सोयरीक कराले उनात का सुकट इकाले?”

दाराआड उभ्या असलेल्या साबिराला तो वास मुळीच वाईट वाटला नाही. सोळा वर्षे तिने तो आईच्या तोंडून ऐकला होता. आज पहिल्यांदा तो आपल्या पायांनी चालत नंदुरबारला आला होता.

पाहुणे दोनच होते. पुढे दाऊद, खाजणबंदरचा खलाशी, वय अठरा. उंचीला दाराच्या चौकटीएवढा, पण हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. मागे डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली धनुबाई कोळीण. दाऊदला आईबाप नव्हते आणि चुलता अंथरुणाला खिळलेला होता. म्हणून मागणीला वडीलधारे माणूस म्हणून कोळीण आली होती, आणि यात काही वावगे आहे असे त्या दोघांच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हते.

“घरनं कोनी बाईमानूस नही भेटनं का?” हलीमाने विचारले.

“मी बाईमाणूसच आहे, बेन,” धनुबाई टोपली उतरवत म्हणाली. “सुरत सोडल्यापासून डब्यात कोणी जवळ बसलं नाही. आख्खा बाक आम्हा दोघांना. माशासारखी सोबत नाही.”

तिची बोली अर्धी गुजराती होती आणि अर्धी कुठल्याच मुलखाची नव्हती. आतून तवा आपटल्याचा आवाज आला आणि चांदबी, साबिराची आई, पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. “धनी!” एवढेच ती म्हणाली. दोघी चाळिशीच्या आतबाहेरच्या बाया अंगणाच्या मधोमध एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कोळणीच्या पाठीवर पिठाची दहा बोटे उमटली.

हलीमा भावाकडे वळली. “देख भाई. मन्हा रमजान घरना पोऱ्या. नवापूरमा दुकान शे, टेसनजोगे. आनि तू पोरले समुद्रमा लोटी ऱ्हायना.”

“लोटी नही ऱ्हायना,” सलाउद्दीन म्हणाला. “आयकी ऱ्हायनू फक्त.”

त्याला ऐकण्यापलीकडे काही करायची घाई नव्हती. त्याचे वडील अक्राणीच्या रानातला साग घेऊन सुरतेपलीकडे होड्या बांधणाऱ्यांकडे जात आणि तिथूनच त्यांनी ही सून आणली होती. मानमोडी तापाच्या साथीच्या साली चांदबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. साबिरा झाली, आणि चांदबीची आई, बाप, दोन्ही भाऊ पंधरा दिवसांत गेले. तेव्हापासून दर श्रावणात चांदबी एकच गोष्ट विचारी, आणि सलाउद्दीन एकच उत्तर देई. न्यायला माणूस आल्याशिवाय बाईने माहेरी जायचे नाही, ही मिस्त्रींच्या घरची रीत. “मानूस येऊ दे न्यायाले. मी सोता टेसनवर पोचाडसू.” न्यायला येणारे भाऊ तर कबरीत होते. १९३५ सालच्या या श्रावणापर्यंत हे असेच चालले होते.

चांदबीने मग दुसरी वाट काढली. मुलीलाच तिकडे द्यायचे. लेकीकडे जायला आईला भावाची गरज लागत नाही.

दाऊद इतका वेळ चाकाकडे पाहत होता. शेवटी त्याने चाकाच्या मधल्या तुंब्यावर तळहात ठेवला. “हा अक्राणीचा साग का, चाचा?”

“धडगावकडना. रेवजी म्हनीसन एक पावरा आनस.” सलाउद्दीनच्या भुवया वर गेल्या. “कसं वळखं?”

“आमच्या होडीचा कणा याच लाकडाचा. तुमच्या अब्बांनीच आणलेला. तेवीस वर्षं झाली, अजून पाणी पीत नाही.”

सलाउद्दीनने तासायचा वाकस खाली ठेवला आणि पाहुण्याला बसायला स्वतःची तिवई दिली. ती तिवई तो कोणाला देत नसे. हलीमाने ते पाहिले.

स्वयंपाकघरात धनुबाई चुलीशी बसली आणि साबिराचे प्रश्न सुरू झाले. भरतीचे पाणी कुठवर येते? सिद्द्यांचे ढोल एवढे मोठे असतात का? अम्मा खरेच चिखलातून घसरत जायची?

“जायची? तिला घसरायला शिकवलं मी!” धनुबाईने गुडघ्यावर थाप मारली. “ओहोटी लागली की आम्ही बारा-तेरा पोरी फळकुटावर पोट टाकून निवट्या मासे धरायला. ही चांदली सगळ्यांत पुढे. एकदा परत आली तर अंगावर चिखल एवढा, की तिच्या आईनं तिला ओळखलीच नाही. मलाच हाताला धरून घरात नेली आणि आंघोळ घातली. चिखल उतरला तेव्हा कळलं, ही तर कोळणीची!”

“खोटं,” चांदबी म्हणाली, पण ती हसत होती. साबिराने आईला असे हसताना कमी वेळा पाहिले होते.

“आनि जेवन, मावशी?” साबिराने विचारले. ही गोष्ट तिला पाठ होती, पण दुसऱ्या तोंडून ऐकायची होती.

“जेवण कसलं, ती रीतच. भरती लागली की ज्या दाराशी असशील त्या घरी जेवायचं. एकेचाळीस उंबरे गावात. वीस आम्ही कोळी, तेरा घरं खलाशी मुसलमानांची, पाच सिद्दी, दोन पारशी आणि एक वाणी. पोरं बरोबर हिशेब करून भरतीच्या वेळी पिरोजबाई पारशिणीच्या दाराशी उभी राहायची, कारण तिचा मलीदा. वाण्याच्या दाराशी कोणी उभं राहत नसे.”

“का?”

“कारलं.”

साबिरा खदखदून हसली. दाराबाहेरून हलीमाचा आवाज आला, “भाबी, पोर हासी ऱ्हायनी. पाव्हना बठेल शेत!”

भरतीचे गणित साबिराला आईने कधीच शिकवले होते. तिथीची पाऊणपट करायची आणि खाजणबंदरसाठी वर एक तास धरायचा. समुद्रापासून शंभर मैलांवर, गाड्यांची चाके घडणाऱ्या घरात ही बाई रोज दोनदा हातातले काम थांबवून म्हणे, “आते भरती लागनी व्हई.” शेजारणी हसत. साबिरा हसत नसे. तिला जाऊन पाहायचे होते, आईचे गणित बरोबर येते का.

मग धनुबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत हातभर लांबीची, जाळ्याच्या सुताची, पिवळी पडलेली दोरी होती.

“ही दाऊदची,” ती चांदबीला म्हणाली. “माझी आई गेल्यापासून दोऱ्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. तू पोरीची काढ. जुळवून घेऊ, मग तोंड गोड.”

“काय शे हाई?” साबिराने विचारले.

“हिला सांगितलं नाहीस?” धनुबाईने चांदबीकडे पाहिले. चांदबी भाकरी थापत होती. धनुबाई साबिराकडे वळली. “हे बघ दीकरी. जाळं समुद्रात हरवलं तर सापडलेलं कोणाचं, हे कसं ओळखायचं? गाठीवरून. घराघराची गाठ वेगळी. आता, मरद माणसं होड्यांवर, घरात बाया. एखादी आजारी पडली, कामात अडकली, की तिचं तान्हं दुसरी पाजणार. मग जिनं पाजलं तिनं बाळाच्या दोरीत आपल्या घरची गाठ मारायची. एका दिवसाची एक गाठ. पारशिणीला, सिद्दिणीलासुद्धा आम्ही गाठी नेमून दिलेल्या. आणि तुमच्यात तर दूधभावाशी निकाह होत नाही. म्हणून मागणीच्या दिवशी दोन्ही दोऱ्या शेजारी ठेवायच्या. एक गाठ जरी सारखी निघाली, तरी लग्न नाही.”

तिने दोरी मांडीवर पसरली. साबिरा पुढे वाकली. चांदबीही वाकली.

दाऊदच्या दोरीच्या शेवटी ओळीने चार गाठी होत्या. दोन फेरे आणि उलटा फास, अगदी चिमुकल्या शंखासारख्या.

साबिराला त्या गाठी ओळखायला क्षणभरही लागला नाही. आईच्या पेटीच्या तळाशी अशीच एक दोरी होती. सहा वर्षांची असल्यापासून ती काढून साबिरा बोटांनी चाचपत आली होती. “जाळानी दोरी शे, ठेव पेटीमा,” यापलीकडे आईने कधी काही सांगितले नव्हते. त्या दोरीत नऊ गाठी होत्या. नवांतल्या पाच शंखाच्या.

तिने आईकडे पाहिले. आईचा हात भाकरीवर तसाच थांबलेला होता. मग तो पुन्हा फिरू लागला.

“आमनी दोरी नही आते,” चांदबी म्हणाली. “उंदीर खायी गयात.”

आयुष्यात पहिल्यांदा साबिरापाशी प्रश्न होता आणि तिने तो विचारला नाही. कारण उत्तर तिला ठाऊक होते, आणि त्या उत्तरापलीकडे समुद्र नव्हता. रमजान होता, स्टेशनजवळचे दुकान होते, नवापूर होते.

“खाल्ली?” धनुबाई म्हणाली. “मानमोडीत मी नवऱ्याबरोबर मुंबईला होते, मला काही माहीत नाही. तू नऊ दिवस बेशुद्ध होतीस एवढं ऐकलं. तुझी आई गेली, दाऊदची आई गेली, माझी आईही आता नाही. सांगणारं कोणी उरलं नाही. मग मिठाची शपथ.”

“घेस मी,” चांदबी म्हणाली.

मिठाची शपथ अंगणात, सगळ्यांसमोर घ्यायची असते. धनुबाईने टोपलीच्या तळातून पुडी काढली. खाजणबंदरच्या आगरातले जाड, करडे मीठ. आईने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून सांगायचे की माझ्या लेकराची आणि याची दूधआई एक नाही. खोटे बोललेल्या बाईला दर्या परत आपल्या काठाला उभे करत नाही, असे तिकडे मानत. दाऊद उठून उभा राहिला.

हलीमाला हे सगळे असह्य झाले. “भाई, निकाह आपला, काजी आपला. आनि पोरनं नशीब ठराई कोन? ती मासावाली? दोरीवर? मिठवर?”

“ऱ्हाऊ दे ना, हलीमा,” सलाउद्दीन म्हणाला. दाऊदशी बोलून त्याचा सूर बदलला होता. “त्यासनी रीत शे. एक चिमूट मीठनी काय जास आपलं?”

चांदबीने हात पुढे केला. धनुबाईने तळहातावर मीठ ठेवले.

साबिरा दाराच्या चौकटीत उभी होती. आईची बोटे तिला दिसत होती. ही बाई सोळा वर्षे रोज दोनदा भरतीसाठी थांबत आली होती. आता ती एक चिमूट तोंडात टाकणार होती. मग ती लेकीकडे जाईल, त्या काठावर उभी राहील, आणि तिला जन्मभर वाटत राहील की आपल्याला इथे उभे राहायचा हक्क नाही. ती भरतीकडे नीट बघणारसुद्धा नाही. असा समुद्र घेऊन काय करायचे?

चिमूट ओठांपर्यंत गेली.

“अम्मा, थांब!” साबिरा म्हणाली, आणि आत पळाली.

पेटी उघडल्याचा आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला. ती परत आली आणि दोरी धनुबाईच्या हातात दिली. “उंदीरसनी नही खाधी. मी ठेयेल व्हती. अम्माले माहीत नही.”

शेवटचे वाक्य खोटे होते. धनुबाईने तिच्याकडे पाहिले, मग चांदबीकडे. धनुबाई अंगणातच बसली. एका मांडीवर एक दोरी, दुसरीवर दुसरी. ती डोळे मिटून बोटांनी वाचू लागली.

“ही पिरोजबाई. दोन दिवस. मग सिद्दी जुबेदाची, एक. एक खलाशी आळीतली, नुराच्या आईची.” बोट पुढे सरकले आणि थांबले. ते मागे आले, पुन्हा पुढे गेले. धनुबाईने डोळे उघडले. “ही माझ्या आईची. पाच दिवस.” तिने दाऊदच्या दोरीवर हात ठेवला. “आणि ह्याच्यात चार. त्याच साथीतल्या. मेली म्हातारी! एका मांडीवर हा, एकीवर ही. मला कधी बोलली नाही.”

“बोलण्यासारखं काय होतं त्यात?” चांदबी म्हणाली. आवाज तिचा होता, पण बोली नंदुरबारची नव्हती. “तिकडे कोण बोलायचं?” तिने हातातले मीठ पदराच्या टोकात बांधले, आणि तोंड फिरवून आत गेली.

मग हलीमाने पदर नाकावरून काढला.

“दूध एक घोट पेलं तरी भाऊ-बहीन,” ती म्हणाली. “आठे तर पाच दिन. ही बाई खरं सांगी ऱ्हायनी. अशी जानकार बाई खान्देशमा नही भेटाव. बठ बेन, चहा ले.”

“आता घेते,” धनुबाई म्हणाली. “मघाशी माशाचा वास होता.”

सलाउद्दीनला हसू आले, पण त्याने ते आवरले. हलीमा त्याच्याजवळ सरकली. “मंग भाई, रमजाननं बोलनं आजच—”

“आज एक दोरी वाचाई गयी,” तो म्हणाला. “पुरं शे. रमजाननं पोरले इचारीसन देखसूत.”

“पोरले इचारीसन?” हलीमाने कपाळाला हात लावला. असे या घरात कोणी कधी ऐकले नव्हते. सलाउद्दीनने स्वतःही आत्ताच ऐकले असावे, असा त्याचा चेहरा होता.

साबिरा खांबाला टेकून उभी होती. रडू येईल असे तिला वाटले होते, पण तिला नवल वाटत होते. एक पारशीण, एक सिद्दीण, एक खलाशीण, एक कोळीण. ज्यांचे चेहरे तिने कधी पाहिले नाहीत अशा चौघी जणींनी तिला नऊ दिवस जगवले होते, आणि त्याची पावती पेटीच्या तळाशी पडून होती. ती समुद्राचे विचारत राहिली आणि समुद्राकाठचे दूध अंगात घेऊन फिरत राहिली.

“पिरोजबाई शे का आजून?” तिने विचारले.

“आहे. बहिरी झाली. मलीदा मात्र तसाच.”

“आनि मी तुमले मावशी म्हनी ऱ्हायनू व्हतू. तुमनी माय मन्ही दूधमाय, मंग तुम्ही मन्ही कोन?”

“बेन!” धनुबाई हसत सुटली. “चांदले, ऐकलंस का? तुझी पोर माझी बहीण निघाली. म्हणजे आता तू माझी आई. उठ, जेवायला वाढ मला!”

आत पेटी सरकल्याचा आवाज आला.

दाऊद अजून उभाच होता. मागणीसाठी सुरतेत घेतलेल्या साखरेचा पुडा त्याच्या काखेत तसाच होता. त्याने तो चाकाच्या आऱ्यांमध्ये नीट ठेवला आणि सलाउद्दीनसमोर आला.

“चाचा, मी मागणीला आलो होतो. ते राहिलं.” तो थांबला. लांब बोलायची सवय त्याला नव्हती. “मला सख्खं भावंड नाही. आज बहीण निघाली. नारळी पुनव आठ दिवसांवर आहे. त्या दिवशी आमच्याकडे होडीला पहिला हात घरच्या लेकीनं लावायचा असतो. अठरा वर्षं आमच्या होडीला शेजारची लावते.” त्याने साबिराकडे पाहिले, आणि या वेळी नजर चुकवली नाही. “बहिणीला न्यायला आलो, असं धरा.”

सलाउद्दीनने वाकस उचलला, धार अंगठ्यावर पाहिली, खाली ठेवला.

“आनि तिन्ही माय?”

“बहिणीची आई ती माझी आई. तिला वेगळं बोलावणं कशाला लागतं?”

हलीमा म्हणाली, “भाई, सबुरी धर. पानीपाऊसना दिन—”

“हलीमा.” सलाउद्दीन उठला. “सोळा वरीस मी तिले एकच बोल देयेल शे. न्यायाले मानूस येऊ दे, मी सोता टेसनवर पोचाडसू. मानूस उना.” त्याने भुशाने भरलेले हात धोतराला पुसले. “मिस्तरी चाक वाकडं करू शकस, जबान नही. सकायनी गाडीले जाओत.”

साबिरा आत गेली. चांदबी पेटीशी बसली होती. पेटी उघडी होती आणि तिच्यात काहीच भरलेले नव्हते. पदराच्या टोकातल्या गाठीवर तिचा अंगठा फिरत होता. बाहेरचे सगळे तिने ऐकले होते.

“मी खोटं बोलनू,” ती लेकीकडे न पाहता म्हणाली.

“मी बी बोलनू. मन्हा तोंडमा मीठ नव्हतं. तुन्हा तोंडमाबी नही.”

चांदबीने गाठ सोडली, मीठ पाहिले. तिने ते चुलीवरच्या डाळीत टाकले आणि हात झटकला. मग ती पेटीत लुगडी ठेवू लागली. आधी हळू, मग भराभर. साबिराने नवी चप्पल कागदात गुंडाळून पेटीत कडेला सरकवली. मागणीसाठी घेतलेली, एकदाही न घातलेली.

“अम्मा, उद्या अष्टमी. रातले सुरत. परोंदिन दुपारले तठे.” साबिराने बोटांवर मोजले. “नवमीनी पाऊनपट पावनेसात. वर एक तास. पावनेआठले भरती. मंग दुपारले—”

“दोनला ओहोटी,” चांदबी म्हणाली. तिची बोली पुन्हा खाजणबंदरची झाली होती आणि या वेळी ती परत बदलली नाही. “गाडी अर्ध्या कोसावर थांबेल. पुढे चिखल. गुडघ्यापर्यंत.”

तिने कागदातली चप्पल उचलली आणि पेटीबाहेर ठेवली.

“ही राहू दे इथे.”